मुलाला अँटिसायकोटिक औषध सुरू करताना: वही, वजनकाटा आणि बिनसुईची सिरिंज

चिठ्ठीवर रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोल असं नाव असतं, मेडिकलवाला "डोक्याची गोळी" म्हणून ती पुडीत बांधून देतो, आणि रात्री घरातलं कुणीतरी मोबाईलवर ते नाव शोधतं. सगळ्यात आधी शब्द दिसतो "सायकोसिस", म्हणजे भास-भ्रम होणारा आजार. आईच्या पोटात गोळा येतो, आजी म्हणते "पोऱ्या काय वेडा आहे का?", आणि गोळी फळीवर पडून राहते. त्यामुळे आधी "अँटिसायकोटिक" या नावाबद्दलच बोलू.

या गटातली पहिली औषधं मोठ्या माणसांच्या स्किझोफ्रेनियासाठी, म्हणजे भास-भ्रमाच्या मोठ्या आजारासाठी, वापरात आली, 1950 च्या दशकात. नाव तेव्हाचं आहे आणि ते तसंच चिकटलं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा जोर कमी करतात किंवा सांभाळतात, आणि डोपामिनचा संबंध फक्त भास-भ्रमाशी नसतो. राग, आवेग, हालचाल, भूक या सगळ्यांशी तो असतो. म्हणून ऑटिझम असलेलं मूल स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतं, चावतं, तासन्‌तास आक्रस्ताळेपणा करतं, तेव्हा हे औषध दिलं जातं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नेमक्या याच त्रासासाठी 2006 मध्ये रिस्पेरिडोनला आणि 2009 मध्ये ॲरिपिप्राझोलला मान्यता दिली. टुरेटच्या झटक्यांसाठी (मान, चेहरा आपोआप उडणं, आपोआप आवाज निघणं) आणि किशोरवयातल्या स्किझोफ्रेनिया व बायपोलर आजारासाठीही (मनःस्थिती टोकाची वर-खाली होणं) ही औषधं वापरतात. चिठ्ठीवर हे नाव आलं म्हणून मुलाला वेड लागलं, असा त्याचा अर्थ होत नाही.

औषध काय करत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे डोक्यात हवं. ते बोलायला शिकवत नाही, नजरेला नजर द्यायला लावत नाही, ऑटिझम बरा करत नाही. आक्रस्ताळेपणा उतरला की मूल थेरपीला बसू शकतं, शिकू शकतं, रात्री झोपू शकतं. फायदा तो, आणि तो खरा आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या 101 मुलांना आठ आठवडे रिस्पेरिडोन किंवा बिनऔषधाची गोळी दिली. औषध घेणाऱ्यांपैकी 69 टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली, बिनऔषधाच्या गोळीवर 12 टक्क्यांत. त्याच आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी 2.7 किलोने वाढलं, दुसऱ्या गटाचं 0.8 किलोने. या औषधाचं देणं-घेणं या दोन आकड्यांत आहे. पुढचं सगळं, पहिला आकडा मिळवायचा आणि दुसरा आवरायचा यासाठी आहे.

गोळी सुरू करण्याआधीचे आठ दिवस

मूल अचानक जास्त चिडायला लागलं असेल तर आधी दुखणं शोधा. न बोलणारं मूल दाढ किडली तरी स्वतःच्या गालात मारतं, कान फुटला तरी डोकं आपटतं, चार दिवस शौचाला झालं नाही तरी चावतं. दात, कान, पोट, झोप या चार गोष्टी बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. बद्धकोष्ठ मोकळं झाल्यावर निम्मा राग गेला, असं खूपदा होतं. मुलांच्या मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या कुणालाही हे नवं नाही.

मग एक शंभर पानी वही घ्या. त्यात डॉक्टरांशी बोलून ठरवलेले दोन किंवा तीनच त्रास लिहा, आणि ते मोजता येतील असे हवेत. "फार चिडतो" असं लिहून उपयोग नाही. "स्वतःच्या हाताला चावतो: आज 6 वेळा", "रडणं-ओरडणं: सर्वांत लांब 40 मिनिटं", "रात्री झोपला 1 वाजता, उठला 5 ला" असं लिहा. औषध सुरू होण्याआधीचे सात-आठ दिवस ही नोंद असली तरच महिन्याने औषध लागू पडलं का हे कळतं. नाहीतर आई म्हणते बरं वाटतंय, बाबा म्हणतात काही फरक नाही, आणि डॉक्टरांना अंदाजाने डोस वाढवावा लागतो.

वहीच्या पहिल्या पानावर सुरुवातीचे आकडे लिहा: वजन, उंची, बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातली चरबी. घरात कुणाला मधुमेह असेल, किंवा कुणी लहान वयात हृदयाने अचानक गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. नंतर "ही साखर औषधाने वाढली की आधीच होती?" या प्रश्नाचं उत्तर या एका पानावरच मिळतं.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. "सिव्हिल"ला गेलात तर केसपेपर काढताना मनोविकार विभाग असं स्पष्ट सांगा. तालुक्याहून जाणाऱ्यांनी ओपीडीचे वार आधी विचारून घ्यावेत, म्हणजे एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी वाया जात नाही.

डोस मोजणं: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

रिस्पेरिडोनचा लहान मुलांचा डोस फार छोटा असतो. ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी 20 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला साधारण दिवसाला 0.25 मिलिग्रॅमने आणि 20 किलो किंवा जास्त वजनाच्या मुलाला 0.5 मिलिग्रॅमने सुरुवात होते, आणि किमान चार दिवस गेल्याशिवाय डोस वाढवत नाहीत. ॲरिपिप्राझोलची सुरुवात सहसा 2 मिलिग्रॅमने होते. हे आकडे चिठ्ठी वाचून खात्री करण्यासाठी दिले आहेत. डोस ठरवणं डॉक्टरांचंच काम. पण सहा वर्षांच्या मुलाच्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी 2 मिलिग्रॅम रिस्पेरिडोन दिसलं, तर "साहेब, हे बरोबर आहे ना?" असं विचारायला अजिबात संकोच करू नका.

पातळ औषधाच्या बाटलीवर बहुधा "1 मिलीत 1 मिलिग्रॅम" असं असतं. तरी दर वेळी लेबल वाचा. आता घरातला चमचा घ्या: त्यात साधारण 5 मिली मावतं, म्हणजे 5 मिलिग्रॅम. 0.25 मिलिग्रॅमच्या डोसच्या हे वीसपट झालं. चिठ्ठीवर नुसतं "0.5" असेल तर मिली की मिलिग्रॅम हे डॉक्टरांकडून दोन्ही लिहून घ्या.

मोजायला 1 मिलीची, मिलीच्या खुणा असलेली सिरिंज घ्या आणि सुई काढून टाका. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका. तिच्यावर युनिटच्या खुणा असतात, आणि 25 युनिटच्या खुणेला 0.25 मिली समजण्याची चूक सहज होते. सिरिंज बाटलीत बुडवून औषध थोडं जास्त ओढा. सिरिंज उभी धरून टिचकी मारा, म्हणजे बुडबुडा वर येईल, आणि तो बाटलीतच सोडा. मग दट्ट्याची वरची काळी कड डोळ्यासमोर धरून हव्या त्या खुणेवर आणा. मुलाला बसवून गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. घशात पिचकारी मारू नका, ठसका लागतो. रोज रात्री सिरिंज धुऊन उलटी वाळवा.

पातळ रिस्पेरिडोन चहात किंवा कोलासारख्या पेयात मिसळू नका. त्यांच्याशी त्याचं जमत नाही, असं उत्पादकाच्याच माहितीत लिहिलेलं असतं. आपल्याकडे चहात बुडवून देणं ही पहिली सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. पाणी किंवा साय काढलेलं दूध चालतं.

गोळी असेल तर 1 मिलिग्रॅमच्या गोळीचे सुरीने चार तुकडे करू नका, तुकडे कधीच सारखे होत नाहीत. इतका छोटा डोस असेल तर पातळ औषध मागा. मेडिकलमध्ये आणखी एक गोष्ट तपासा: नावापुढे "प्लस" आहे का? बाजारात रिस्पेरिडोनबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल मिसळलेल्या गोळ्या मिळतात. चिठ्ठीवर साधं नाव आणि हातात "प्लस" असेल तर परत करा. त्या दुसऱ्या औषधाने तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं आणि घाम कमी येतो. खानदेशातल्या उन्हाळ्यात घाम कमी येणं मुलाला किती महाग पडू शकतं, ते पुढे येईलच.

मान वाकडी झाली तर

औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत हे होऊ शकतं. मूल ओट्यावर बसून जेवत असतं. अचानक मान एका खांद्याकडे वळते आणि तिथेच अडकते. डोळे वर जाऊन छताला लागतात, खाली येत नाहीत. जीभ बाहेर येते किंवा जबडा आवळतो, लाळ गळते. मूल शुद्धीवर असतं, आपल्याकडे पाहू मागतं, घाबरून रडतं, पण मान सुटत नाही. शेजारपाजारची माणसं जमतात, "पोऱ्याले काय व्हयनं?" सुरू होतं. कुणी म्हणतं फिट आली, कुणी म्हणतं बाहेरचं झालं, आणि मुलाला भगताकडे नेलं जातं.

याला डिस्टोनिया म्हणतात. डोपामिन अडल्यामुळे स्नायू आवळलेले असतात. हे फिट नाही, कारण फिटमध्ये सहसा शुद्ध हरपते. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, मान जोर लावून सरळ करू नका. मुलाला सरळ बसवा, औषधाची पट्टी आणि चिठ्ठी खिशात टाका आणि सर्वांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात जा. तिथे पहिलं वाक्य हे बोला: "याला अमुक गोळी अमुक दिवसापासून सुरू आहे, त्यानंतर मान वाकडी झाली." एवढ्यावरून डॉक्टरांना कळतं. प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासात मान सुटते. श्वास घेताना घरघर होत असेल किंवा गिळता येत नसेल तर वाट न पाहता 108 लावा. इंजेक्शनचा असर उतरल्यावर मान पुन्हा वळू शकते, म्हणून एक-दोन दिवसांच्या गोळ्या मागून घ्या, आणि पुढचा डोस देण्याआधी मूळ डॉक्टरांना फोन करा.

इथेच एक जोडून सांगायचं. मुलाला उलट्या झाल्या आणि गावातल्या डॉक्टरांकडे नेलं, तर चालू औषधाचं नाव सांगा. मेटोक्लोप्रामाइड हे उलटीवरचं औषधही डोपामिनच अडवतं. दोन्ही एकत्र झाली की मान वाकडी होण्याची शक्यता वाढते.

रोग वाढला की औषधाने पाय चुळबुळतात?

दुसरी फसवणूक शांतपणे होते. मूल एका जागी बसेना, येरझाऱ्या घालतं, उभ्या उभ्या पाय बदलतं, रात्री अंथरुणावर पाय आपटतं, आणखी चिडतं. घरचे म्हणतात त्रास वाढला, डोस वाढतो, त्रास अजून वाढतो. याचं नाव अकॅथिसिया, आणि ॲरिपिप्राझोलवर ते बऱ्यापैकी दिसतं. बोलणाऱ्या मुलाला विचारा: "पाय आतून चुळबुळतात का? चाललं की बरं वाटतं का?" न बोलणाऱ्या मुलासाठी वही उघडा. ही अस्वस्थता डोस बदलल्यापासूनच्या दिवसांत सुरू झाली असेल आणि आधीच्या नोंदीत नसेल, तर तारखेसकट डॉक्टरांना दाखवा. इथे बहुधा डोस कमी करावा लागतो.

ॲरिपिप्राझोल शरीरातून फार हळू जातं, रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण 75 तास लागतात. म्हणून डोस बदलल्यावर दोन आठवडे थांबल्याशिवाय निकाल देऊ नका.

वजन

या औषधांनी भूक खरोखर वाढते. मुलाला हावरट म्हणू नका, पोट भरल्याचा निरोप त्याच्या मेंदूला उशिरा मिळतो. याच गटातल्या ओलांझापिनवर हे सगळ्यात जास्त, रिस्पेरिडोन आणि क्वेटियापिनवर मध्यम, ॲरिपिप्राझोलवर तुलनेने कमी, पण लहान मुलांत तिथेही वाढ होते.

पहिले दोन महिने दर आठवड्याला, एकाच काट्यावर, सकाळी काही खाण्याआधी वजन करा. घरी काटा नसेल तर अंगणवाडी किंवा उपकेंद्र. तीन महिन्यांत सुरुवातीच्या वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता बोला. 24 किलोच्या मुलासाठी हा आकडा 1.2 किलो होतो. साखर आणि चरबी तिसऱ्या महिन्यात पुन्हा तपासा, नंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, डॉक्टर सांगतील तसं. मूल सारखं पाणी मागू लागलं आणि लघवीला उठू लागलं तर लगेच तपासा.

खाण्याचे नियम सगळ्या घराला एकच ठेवा. ताटात भावाला शेव आणि याला काकडी, असं चालत नाही. शेव, फरसाण, केळीचे वेफर्स आणि रंगीत पेयांच्या बाटल्या घरातच आणू नका. तुपात बुडालेली बट्टी आणि आमरस सणापुरते. कळण्याची भाकरी, वरण, पालेभाजी, कमी तेलाचं भरीत, ताक यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पहिलं ताट संपल्यावर दहा मिनिटं थांबून मगच दुसरं वाढा.

मुलाची छाती फुगू लागली, मुलीची पाळी थांबली किंवा छातीतून दूध आलं, तर लाजून लपवू नका. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करायला लावणारं संप्रेरक) वाढल्याचं ते लक्षण असू शकतं, रक्ताच्या तपासणीत कळतं आणि औषध बदलता येतं.

मे महिना

जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, आणि या औषधांनी शरीराची स्वतःला थंड ठेवायची ताकद कमी होते. सकाळी 11 ते 5 मुलाला उन्हात काढू नका. तहान सांगता न येणाऱ्या मुलाला तासातासाला पाणी किंवा ताक द्या आणि लघवीचा रंग पाहा. पत्र्याच्या घरात दुपारी ओल्या फडक्याने अंग पुसा. लिथियम हे मनःस्थिती सांभाळणारं औषधही चालू असेल तर उलट्या-जुलाबात किंवा घाम फार गेल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, कारण पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साठतं.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम, छाती धडधडणं, भ्रमिष्टासारखं वागणं हे एकत्र दिसलं तर ते न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतं. ते क्वचित होतं, पण जीव घेऊ शकतं. उष्माघातही जवळपास असाच दिसतो. घरी बसून दोहोंतला फरक ठरवू नका: पुढचा डोस देऊ नका, अंग थंड करा, 108 बोलवा, पट्टी सोबत न्या.

औषधाची बाटली खिडकीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. लेबलवरचं तापमान पाहा आणि खाली, गार कोपऱ्यात, कुलपाच्या डब्यात ठेवा. धाकट्या भावंडाने गोळ्या खाल्ल्या तर तो झोपलाय म्हणून थांबू नका, दवाखान्यात न्या.

डोस चुकला, गावाला गेलो, गोळ्या संपल्या

काही तासांत आठवलं तर द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दुप्पट कधीच नाही. सलग दोन-तीन दिवस चुकले असतील तर आधीचा पूर्ण डोस लगेच सुरू करण्याआधी फोन करा. याच गटातलं क्लोझापिन 48 तासांपेक्षा जास्त चुकलं तर ते पुन्हा अगदी छोट्या डोसपासूनच सुरू करावं लागतं.

सुट्टीत मूल मामाच्या गावाला जातं आणि वही-गोळ्या घरी राहतात, हे दरवर्षीचं. ऊसतोडीला किंवा गुजरातमध्ये कामाला निघणाऱ्या नंदुरबार-धुळ्याकडच्या कुटुंबांनी निघण्याच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांना सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या आणि निदान, नाव, डोस लिहिलेला कागद घ्यावा. घरात कायम दहा दिवसांचा साठा ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि देशात कुठूनही लागतो. रात्री दोन वाजता प्रश्न पडला तरी तिथे विचारता येतं.

औषध कमी करायचं तेव्हा

"बरं वाटतंय" म्हणून स्वतःहून बंद करणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. एकदम थांबवलं की झोप उडते, उलट्या होतात, कधी तोंडाच्या किंवा हातांच्या नको त्या हालचाली सुरू होतात, आणि जुना त्रास दुप्पट जोराने परत येतो. पण वर्षानुवर्षं न विचारता चालू ठेवणंही बरोबर नाही. चिडचिडीसाठी दिलेल्या औषधाबद्दल, मूल स्थिर झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी, "आता कमी करून पाहायचं का?" हा प्रश्न आपणच विचारायचा.

डोस आठवड्यांच्या पायऱ्यांनी उतरतो. वेळ निवडताना शाळा सुरू होण्याचा आठवडा, घरातलं लग्न आणि मे महिना टाळा. प्रत्येक पायरीवर वहीत तेच जुने दोन-तीन त्रास मोजा. नवीन हालचाली दिसल्या तर मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण ओपीडीत पोचेपर्यंत मूल शांत झालेलं असतं. एखाद्या पायरीवर चावणं पुन्हा 6 वर गेलं तर खाली उतरणं थांबवा, डॉक्टरांना फोन करा आणि त्यांच्या सल्ल्याने आधीच्या पायरीवर जा.